एकाहत्तर एकांची संख्या

१९८४ साली अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या गणितज्ञांनी एका संख्येचे अवयव पाडले. संख्या लिहायला पहिलीतल्या मुलालाही जमेल अशी: एकापुढे एक, असे एकाहत्तर वेळा १. तिचे अवयव शोधायला क्रे एक्स-एमपी हा त्या काळातला अतिवेगवान संगणक सुमारे साडेनऊ तास राबला. निघालेले दोन अवयव असे: २४१५७३१४२३९३६२७६७३५७६९५७४३९०४९ आणि ४५९९४८११३४७८८६८४६३१०२२१७२८८९५२२३०३४३०१८३९. पहिला तीस अंकी, दुसरा एक्केचाळीस अंकी, दोन्ही मूळ संख्या. बाहेरून इतकी एकसुरी दिसणारी संख्या आतून इतकी बेशिस्त निघावी, हे मला गणितातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटत आले आहे.

केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांना आता जगभर ‘रेप्युनिट’ म्हणतात. हे नाव अल्बर्ट बेलर यांनी १९६६ मध्ये दिले. संख्या मात्र फार जुन्या आहेत. त्यांच्याबद्दल काय कळले आहे, कसे कळले आहे आणि काय अजून हाती लागलेले नाही, याचा हा आढावा. तो मराठीत घेण्याला कारण आहे. या संख्यांच्या कुळाशी देवळालीच्या एका शाळामास्तरांचे आयुष्यभराचे नाते होते. त्या नात्याकडे आपण बहुधा करमणूक म्हणून पाहिले. ते त्याहून खूप खोल आहे.

सुरुवात त्याही आधीची. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग तेव्हा याच राज्यात होता. गुणाकाराच्या प्रकरणात आचार्यांनी काही उदाहरणे अशी निवडली, की उत्तरातले अंक गळ्यातल्या अलंकारासारखे दोन्हीकडून सारखे वाचता यावेत. १५२२०७ ला ७३ ने गुणले की ११११११११ येतात, म्हणजे आठ एक. १२३४५६७९ गुणिले ९ म्हणजे नऊ एक. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येतात, जो सहा एकांच्या संख्येचा वर्ग आहे. पहिल्या उदाहरणाकडे नीट पाहावे. ७३ हा आठ एकांचा अवयव आहे हे माहीत असल्याशिवाय असे उदाहरण रचता येत नाही. म्हणजे अशा संख्या फोडून पाहण्याची हौस आपल्याकडे अकराशे वर्षांपूर्वी होती, आणि ती शिकवण्याच्या पुस्तकात घालण्याइतकी मोलाची मानली जात होती.

युरोपात हा विषय आवर्ती दशांश अपूर्णांकांच्या दाराने आला. १ ला ४१ ने भागले तर ०.०२४३९०२४३९… असे पाच अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. १ ला २७१ ने भागले तर ०.००३६९००३६९…, पुन्हा पाचच अंकांचे आवर्तन. आता ४१ आणि २७१ यांचा गुणाकार करावा. उत्तर १११११, पाच एक. आवर्तन पाच अंकांचे असणे म्हणजे ९९९९९ ला त्या संख्येने निःशेष भाग जाणे, आणि ९९९९९ म्हणजे नऊ गुणिले १११११. म्हणूनच ४१ चे आवर्तन ०२४३९ हे २७१ च्या नऊपट आहे, आणि २७१ चे आवर्तन ००३६९ हे ४१ च्या नऊपट.

हा संबंध सर्वत्र लागू पडतो. २, ३ आणि ५ वगळता कोणत्याही मूळ संख्येच्या गुणाकार-व्यस्ताचे आवर्तन जितक्या अंकांचे, तितक्या एकांच्या संख्येला ती मूळ संख्या भागते. ७ चे आवर्तन १४२८५७, सहा अंकांचे. म्हणून ११११११ ला, म्हणजे सहा एकांना, ७ ने भाग जातो. त्या संख्येचे सगळे अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. उलट बाजूने पाहिले तर ज्यांचे आवर्तन बरोबर पाच अंकांचे आहे अशा मूळ संख्या साऱ्या विश्वात दोनच, ४१ आणि २७१. बरोबर तीन अंकांचे आवर्तन असलेली एकटी ३७. आणि बरोबर एकाहत्तर अंकांचे आवर्तन असलेल्या मूळ संख्याही दोनच; त्याच, ज्या सँडियात सापडल्या. तोवर त्या दोन संख्यांचे अस्तित्व कुणाच्या नजरेस पडले नव्हते.

१७७० च्या दशकात तिसऱ्या योहान बेर्नुलीने बर्लिनच्या अकादमीत आवर्ती अपूर्णांकांवर निबंध सादर करून अशा संख्यांच्या अवयवांचे तक्ते मांडले. गाउसने १८०१ च्या आपल्या ग्रंथात या विषयाला भक्कम पाया दिला आणि अपूर्णांकांच्या आवर्तनांचा तक्ताच जोडला. पुढे विल्यम शँक्स या इंग्रज गृहस्थाने हजारो मूळ संख्यांच्या आवर्तनांच्या लांब्या हाताने काढल्या. शँक्स लोकांना आठवतो तो पायच्या ७०७ दशांश स्थळांसाठी, ज्यातली बरीच पुढे चुकीची ठरली. माझ्या मते त्याचे खरे टिकाऊ काम आवर्तनांचे हे तक्ते होय. पायचे सहाशेवे स्थळ कळून गणिताचा काही प्रश्न सुटत नाही; आवर्तनाची लांबी कळली की एका रेप्युनिटचा एक अवयव कायमचा हाती येतो.

आता काही गोष्टी अशा, की ज्या एकही मोठा भागाकार न करता कळतात. १ वगळता कोणतीही रेप्युनिट पूर्ण वर्ग नसते, कारण ११ ने संपणाऱ्या संख्येला ४ ने भागले तर बाकी ३ उरते आणि वर्गाला ती बाकी कधीच उरत नाही. एकांची संख्या संयुक्त असेल तर रेप्युनिटही संयुक्त: पंधरा एक म्हणजे तीन-तीन एकांचे पाच गट, म्हणून १११ ने भाग जाणारच. त्यामुळे मूळ रेप्युनिट शोधायची तर एकांची संख्याही मूळच घ्यावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही. तीन, पाच, सात, अकरा, तेरा आणि सतरा एकांच्या संख्या सगळ्या संयुक्त निघतात. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९, सतरा एक म्हणजे २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. शेवटी ०, २, ४, ५, ६, ८ नसलेली कोणतीही संख्या घ्या. ती कोणत्या ना कोणत्या रेप्युनिटला भागतेच. समजा संख्या ४९ आहे. १, ११, १११ अशा पहिल्या पन्नास रेप्युनिटना ४९ ने भागा. बाक्या फार तर ४९ प्रकारच्या, संख्या पन्नास. म्हणजे दोघींची बाकी सारखी. त्यांची वजाबाकी करा. ती ४९ ने भागली जाते आणि तिचे रूप असते काही एक, पुढे काही शून्ये. शून्ये उडवली की उरते ती रेप्युनिट, आणि ४९ चा १० शी काही संबंध नसल्याने भाग तरीही जातो. ही सिद्धता नववीच्या वर्गात एका फळ्यावर मावते.

दुसऱ्या टोकाला अशा गोष्टी आहेत, की ज्या सांगायला तितक्याच सोप्या पण सिद्ध करायला अतोनात कठीण. रेप्युनिट वर्ग नसते हे एका ओळीत दिसले. पण ती घन, पंचघात किंवा इतर कोणताही पूर्ण घात असू शकते का? नाही, हे ठामपणे सांगायला १९९९ उजाडले. यान ब्युजो आणि मोरिस मिन्योत या फ्रेंच गणितज्ञांनी ते सिद्ध केले, आणि त्यासाठी त्यांना लॉगॅरिदमांच्या अंदाजांची आधुनिक आणि जड यंत्रणा वापरावी लागली. प्रश्न मुलाला कळेल असा, उत्तर तज्ज्ञालाही सहज न पचणारे.

आता देवळाली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, आणि मग १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तरकी. मुंबईकडच्या रेल्वेमार्गावर डोंबिवलीच्या स्टेशनात त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून डेम्लो संख्या असे नाव दिले. त्यातल्या ‘अद्भुत’ डेम्लो संख्या म्हणजे रेप्युनिटचे वर्ग: १, १२१, १२३२१, १२३४३२१… १९३८ मध्ये त्यांनी यावर लिहिले, आणि पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात गुंजीकरांच्या बरोबरीने डेम्लो संख्यांचा सिद्धान्त मांडला. नऊ एकांपर्यंत वर्गाचा डोंगर सुबक दिसतो, १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग केला की हातचे येऊ लागतात आणि शिखर मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर झाले, आणि ते मुख्यतः ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येसाठी. आपल्याकडेही शाळेच्या गणित-जत्रेत ६१७४ च दिसतो. त्याचे कौतुक जरूर करावे, पण कापरेकरांच्या कामातला गणिताच्या मुख्य प्रवाहाला भिडणारा भाग दुसरा आहे: त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळची संख्या परत.

हे अंकांचे गारूड वाटते. त्याच्या आत काय आहे ते पाच अंकांपुरते पाहू. क ही संख्या. तिच्या वर्गाचा उजवा पाच अंकी तुकडा श, डावीकडचा भ. म्हणजे क चा वर्ग = १००००० भ + श. अट अशी की भ + श = क. पहिल्यातून दुसरे वजा करा: क चा वर्ग वजा क = ९९९९९ भ. डावी बाजू म्हणजे क गुणिले (क − १). तेव्हा सगळी अट एवढीच उरते, की क आणि त्याच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९९९९ ने भाग जावा. लागोपाठच्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो. म्हणून ९९९९९ चे जे घटक आहेत, ९, ४१ आणि २७१, ते प्रत्येकी अखंडपणे एक तर क मध्ये जातील, नाही तर क − १ मध्ये. तीन घटक, प्रत्येकाला दोन पर्याय, एकूण आठ वाटण्या. आठ वाटण्यांच्या आठ संख्या: १, ९९९९९, २२२२२, ७७७७८, १७३४४, ८२६५६, ४८७९ आणि ९५१२१. १ ची भर निव्वळ उपचार. तो वगळता पाच अंकी उजवा तुकडा घेऊन मिळणाऱ्या कापरेकर संख्या एवढ्याच. १७३४४ तपासून पाहावी: वर्ग ३००८१४३३६, आणि ३००८ अधिक १४३३६ म्हणजे १७३४४.

कापरेकर संख्या आणि ९९९…९ चे अवयव यांची ही सांगड डग्लस इयानुची यांनी २००० साली सर्व लांब्यांसाठी पूर्णपणे मांडली. तिचा अर्थ असा, की एखाद्या लांबीच्या सर्व कापरेकर संख्यांची यादी करणे आणि तितक्या एकांच्या संख्येचे अवयव पाडणे हे एकच काम आहे. १७३४४ आणि १११११ यांचा मसावि काढा, २७१ मिळतो. १७३४३ आणि १११११ यांचा काढा, ४१ मिळतो. मसावि काढणे युक्लिडच्या रीतीने शेकडो अंकांच्या संख्यांनाही चुटकीसरशी जमते. म्हणून ज्याच्या हाती यादी आहे त्याच्या हाती अवयव आहेत, आणि उलटही.

आता हेच एकाहत्तर अंकांसाठी. घटक पुन्हा तीन: ९, आणि ते दोन मोठे मूळ अवयव. म्हणजे पुन्हा आठ संख्या. त्यातल्या चार अवयव न पाडताही लिहिता येतात: १, एकाहत्तर नऊ, सत्तर एक आणि शेवटी २, आणि एकाहत्तर आठ. उरलेल्या चार मात्र १९८४ पर्यंत जगातल्या कुणालाही लिहिता आल्या नसत्या. त्यातली एक जरी कुणी कागदावर उतरवली असती, तर क्रे संगणकाचे काम त्या कागदानेच झाले असते. देवळालीच्या मास्तरांचा छंद आणि अमेरिकी प्रयोगशाळेचे संशोधन यांच्यात मला दिसते ते हे साम्य, आणि ते वरवरचे मुळीच नाही. कापरेकरांना ज्या संख्या खुणावत होत्या, त्या मोठ्या होत गेल्या की त्यांच्यापाशी पोचायला शतकातली सर्वोत्तम यंत्रे लागतात. १९८६ मध्ये कापरेकर गेले.

प्रयोगशाळेला यात रस का, हेही सांगायला हवे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी सुचवलेल्या गुप्तलेखनाची सारी सुरक्षितता एका गोष्टीवर उभी आहे: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या परत मिळवणे अवघड. ते नेमके किती अवघड, हे मोजायचे तर प्रत्यक्ष फोडून पाहणे हाच मार्ग. एकाहत्तर एकांच्या संख्येचा कोणताही अवयव १४२ च्या पटीपेक्षा एकने जास्त असतो एवढे आधीच माहीत होते. पण तीस अंकी अवयवापर्यंत एकेक पट तपासत जायला कोणत्याही संगणकाला युगे लागली असती. वापरली गेली ती कार्ल पॉमरन्स यांची १९८१ मधली क्वाड्रॅटिक सीव्ह ही पद्धत. तिचा गाभा जुना आहे: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली की अवयव पडतात. १५६ चा वर्ग वजा ११५ चा वर्ग म्हणजे १११११, म्हणून अवयव १५६ वजा ११५ आणि १५६ अधिक ११५, म्हणजे ४१ आणि २७१. मोठ्या संख्येसाठी असे दोन वर्ग थेट सापडत नाहीत. म्हणून छोट्या अवयवांत फुटणाऱ्या हजारो संख्या चाळून गोळा करायच्या, आणि त्यांतून गुणाकार पूर्ण वर्ग होईल असा गट निवडायचा. गट निवडण्याचे काम समीकरणे सोडवण्यासारखे आहे, आणि तिथे संगणकाचा वेग कामी येतो.

पुढे पद्धती सुधारल्या आणि रेप्युनिटना त्यांच्या रूपाचा फायदा मिळू लागला. १९९९ च्या एप्रिलमध्ये २११ एकांची संख्या फुटली, ९३ अंकी आणि ११८ अंकी अशा दोन मूळ अवयवांत. त्याच वर्षी ज्यांच्या रूपात काही नियम नाही अशा संख्यांचा विक्रम १५५ अंकांवर होता. नऊपट केलेली २११ एकांची संख्या, १० चा पस्तिसावा घात हे एकच अक्षर मानले, तर ‘त्या अक्षराच्या सहाव्या घाताची दहापट वजा एक’ इतक्या थोडक्यात लिहिता येते, आणि चाळणीच्या नव्या पद्धतीला असे आटोपशीर रूप फार मानवते. बाहेरच्या एकसुरीपणाचा आतल्या अवयवांना पत्ता नसतो, पण शोधणाऱ्याला तो मदत करतो.

ज्या रेप्युनिट स्वतःच मूळ आहेत त्यांची कथा वेगळी. पहिली अर्थात ११. नंतर थेट १९ एकांची संख्या. ती मूळ असल्याची ऑस्कर हॉप यांची सिद्धता १९१८ मधली. २३ एकांची १९२९ मध्ये ठरली. मग ३१७ एक, ह्यू विल्यम्स यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेली, आणि १०३१ एक, विल्यम्स आणि हार्वे डबनर यांची, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली.

या सिद्धतांमागची युक्ती विशेष सुंदर आहे. फ्रेंच गणितज्ञ ल्यूका यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवले, की एखादी संख्या मूळ आहे हे सिद्ध करायला तिच्याहून एकने लहान संख्येचे अवयव कामी येतात. रेप्युनिटमधून एक वजा केला की शेवटच्या १ चा ० होतो, म्हणजे एक एक कमी असलेली रेप्युनिट, गुणिले दहा. तेव्हा १९ एकांची संख्या मूळ ठरवायची तर १८ एकांचे अवयव हवेत. ते आहेत ३ चा वर्ग, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७. महावीराचार्यांची १२३४५६७९ ही संख्या म्हणजे यातल्याच ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार. १०३१ एकांसाठी १०३० एकांचे पुरेसे अवयव लागले, आणि १०३० ला २, ५, १०, १०३, २०६ आणि ५१५ ने भाग जात असल्यामुळे ती प्रचंड संख्या आधीच लहान तुकड्यांत मोडलेली होती. म्हणजे लहान रेप्युनिट फोडण्याचे पिढ्यानपिढ्यांचे काम मोठ्या रेप्युनिटच्या सिद्धतेत भांडवल म्हणून वापरले गेले. ‘निरुपयोगी’ तक्ते करणाऱ्यांच्या बाजूने याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

१०३१ नंतर ही युक्ती थकते, कारण पुढच्या संख्यांसाठी पुरेसे अवयव मिळत नाहीत. ४९०८१ एकांची संख्या डबनर यांना १९९९ मध्ये सापडली, पण ‘संभाव्य मूळ’ म्हणून. मूळ संख्येने ज्या चाचण्यांना उतरायला हवे त्यांना ती उतरली होती. तरी चाचणीला उतरणे म्हणजे सिद्धता नव्हे, कारण काही संयुक्त संख्याही अशा चाचण्या चकवतात. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवले, की मूळपणाची पक्की तपासणी नेहमीच वाजवी वेळेत करता येते. सिद्धान्त म्हणून तो मोठा विजय होता. प्रत्यक्ष इतक्या अंकांसाठी मात्र एलिप्टिक कर्व्हवर आधारलेली पद्धतच चालते. तिने ४९०८१ एकांची संख्या २०२२ मध्ये सिद्ध झाली, म्हणजे सापडल्यानंतर तेवीस वर्षांनी. ८६४५३ एकांची २०२३ मध्ये. २००७ मध्ये १०९२९७ आणि २७०३४३ एकांच्या संख्या सापडल्या, आणि २०२१ मध्ये रायन प्रॉपर आणि सर्गेई बटालोव यांनी ५७९४७७७ आणि ८१७७२०७ एकांच्या संभाव्य मूळ संख्या शोधल्या. शेवटच्या दोन सिद्धतेपासून फार दूर आहेत. त्या मूळ नसाव्यात असे कुणालाच वाटत नाही, आणि तरीही त्यांना मूळ म्हणणे आज चुकीचे ठरेल. हा संयम मला गणिताच्या शिस्तीतला सर्वांत आदरणीय भाग वाटतो.

न सुटलेले प्रश्न बरेच आहेत. एकांची संख्या स्वतः मूळ असेल, तर रेप्युनिटला एखाद्या मूळ संख्येच्या वर्गाने भाग जाऊ शकतो का? असे एकही उदाहरण ठाऊक नाही आणि ते अशक्य असल्याची सिद्धताही नाही. सर्वसाधारण रेप्युनिटबाबत मात्र असे घडते आणि कधी कधी अनपेक्षितपणे: ४८७ चे आवर्तन ४८६ अंकांचे, आणि ४८७ च्या वर्गाचे आवर्तनही ४८६ अंकांचेच, म्हणून ४८६ एकांना ४८७ चा वर्ग भागतो. असे वागणाऱ्या मूळ संख्या आजवर तीनच सापडल्या आहेत: ३, ४८७ आणि ५६५९८३१३.

सगळ्यांत मोठा प्रश्न अर्थात हा, की मूळ रेप्युनिट अनंत आहेत का. संभाव्यतेच्या हिशेबाने एकांची संख्या दहापट वाढली की सरासरी पावणेदोन मूळ रेप्युनिट मिळायला हव्यात. या हिशेबाने ८१७७२०७ पर्यंत सुमारे बारा अपेक्षित आहेत. संभाव्य धरून सापडल्या आहेत अकरा. अंदाज आणि वास्तव इतके जवळ आहेत की बहुतेक गणितज्ञ उत्तर ‘अनंत’ असेच मानतात. पण याची उलटी बाजूही सुटलेली नाही: एकांची संख्या मूळ असूनही रेप्युनिट संयुक्त, असे अनंत वेळा घडते का? ४१ एकांना ८३ भागतो, ५३ एकांना १०७ भागतो. मूळ संख्येच्या दुपटीत एक मिळवून पुन्हा मूळ संख्या येते तिथे असे बऱ्याचदा होते. अशा जोड्या अनंत आहेत हे सिद्ध झाले तर मार्ग खुला होईल, आणि ते सिद्ध झालेले नाही. १०३१ नंतरची पुढची मूळ रेप्युनिट ४९०८१ पर्यंत भेटत नाही, आणि २७०३४३ नंतरची संभाव्य मूळही ५७९४७७७ पर्यंत नाही. मधल्या हजारो मूळ लांब्यांची प्रत्येक रेप्युनिट तपासली गेली आणि संयुक्त निघाली. त्यातल्या बहुतेकींचे पूर्ण अवयव कुणापाशी नाहीत, आणि म्हणून तितक्या लांबीच्या कापरेकर संख्यांच्या याद्याही अपुऱ्याच आहेत.